होमस्टेच्या पाहुण्यांचं ‘गुंतलेपण’ कसं मोजायचं: मालवण-तारकर्लीचं उदाहरण धरून

पर्यटन व्यवस्थापनाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी असोत की तालुक्यातल्या होमस्टेवाल्यांचा गट, पाहुण्यांबद्दलचा अभ्यास बहुधा एकाच प्रश्नापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो: ‘तुम्ही समाधानी आहात का?’ उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं. बांगड्याचं तिखलं आवडलेलं असतं, खोली स्वच्छ असते, माणसं अगत्याची असतात. तरीही हाच समाधानी पाहुणा पुढच्या वर्षी दिवेआगरला जातो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. समाधान म्हणजे झालेल्या मुक्कामाचा हिशेब. मुक्काम संपल्यावरही ते घर पाहुण्याच्या मनात, बोलण्यात आणि फोनमध्ये चालू राहतं का, हा वेगळा प्रश्न आहे. सेवा आणि पर्यटन विपणनाच्या संशोधनात त्याला ‘कस्टमर एंगेजमेंट’ म्हणतात.

मराठीत या शब्दाची पहिली अडचण इथेच येते. अनेक प्रबंधांत त्याचं ‘ग्राहक गुंतवणूक’ केलेलं दिसतं आणि पाहुणा ते पैशांबद्दल समजतो. ‘ग्राहक सहभाग’ म्हटलं की स्पर्धेत किंवा उपक्रमात भाग घेतल्यासारखं वाटतं. अहवालात ‘गुंतलेपण’ हा शब्द चालतो. प्रश्नावलीत मात्र यातला एकही शब्द येऊ देऊ नका. तिथे फक्त माणसाच्या वागण्या-वाटण्याची साधी वाक्यं हवीत.

आधी ठरवा: काय मोजायचं, आणि कशाशी गुंतलेलं?

या विषयात दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. जेनी व्हॅन डोर्न आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वागणुकीवर भर दिला: खरेदीपलीकडे ग्राहक जे जे करतो, म्हणजे शिफारस, परीक्षण, सूचना, दुसऱ्या ग्राहकाला मदत, ते सगळं गुंतलेपणाचं रूप. रॉडरिक ब्रॉडी, लिंडा हॉलबीक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ती एक मानसिक अवस्था मानली, जी देवाणघेवाणीच्या, दोघांनी मिळून घडवलेल्या अनुभवातून येते आणि जिला विचार, भावना आणि कृती असे पदर असतात. तुम्ही दोन्ही मोजू शकता, पण वेगवेगळ्या रकान्यांत. ‘मी इतरांना हे घर सुचवेन’ हे वाक्य गुंतलेपणाच्या मापातही घातलं आणि परिणाम म्हणूनही घातलं, तर दोघांत घट्ट संबंध निघणारच. तो शोध नव्हे, तीच गोष्ट दोनदा मोजणं झालं.

दुसरा निर्णय त्याहून नाजूक. गुंतलेपण कशाशी? तारकर्लीच्या पाहुण्याला समुद्राचं वेड असू शकतं, मालवणी जेवणाचं असू शकतं, सिंधुदुर्ग किल्ल्याचं असू शकतं, ज्या घरात तो राहिला त्या घराचं असू शकतं किंवा ज्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं त्याचंही. ‘इथे असताना मला वेळेचं भान राहत नाही’ हे वाक्य वाळूत पाय सोडून बसलेला कोणीही मान्य करेल. त्यात घराचा वाटा किती, हे कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक वाक्यात ‘इथे’ऐवजी ‘या घरी’, ‘यजमानांशी’ असा उल्लेख हवा. घर आणि ठिकाण दोन्हींबद्दल विचारायचं असेल तर दोन वेगळे संच करा आणि मध्ये कोरी ओळ सोडून वरती ठळक लिहा: ‘आता फक्त तारकर्ली गावाबद्दल’.

मापपट्टी निवडताना

स्वतः नवी मापपट्टी बनवू नका. ते वर्षभराचं वेगळं काम आहे. पर्यटनासाठी सर्वांत जवळची पट्टी केव्हिन सो, सेरिडविन किंग आणि बेव्हर्ली स्पार्क्स यांची, २०१४ सालची: २५ वाक्यं आणि पाच पदर, म्हणजे आपलेपणाची ओळख, उत्साह, लक्ष, तल्लीनता आणि संवाद. त्याच वर्षी हॉलबीक, ग्लिन आणि ब्रॉडी यांची १० वाक्यांची छोटी पट्टी आली, तीन पदरांची: विचार (३), जिव्हाळा (४), कृती (३). ती समाजमाध्यमांवरच्या ब्रँडसाठी बनली होती, त्यामुळे होमस्टेला लावताना वाक्यं जास्त वळवावी लागतात.

विद्यार्थी-प्रकल्पाला आम्ही २५ वाक्यांचीच पट्टी सुचवू, एका अटीवर: बाकीची प्रश्नावली छोटी ठेवा. कागदावर दोन पानं, वेळ ८ ते १० मिनिटं. याहून लांब गेलं की शेवटच्या पानावर सगळीकडे एकाच रकान्यात खुणा दिसू लागतात. मूळ लेखकांना ईमेल पाठवून वापराची परवानगी घ्या आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.

भाषांतर: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

पद्धत ठरलेली आहे. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, एकत्र बसून एक मसुदा पक्का करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा आणि दोन्ही इंग्रजी समोरासमोर ठेवून फरक शोधायचे. ही उलट भाषांतराची रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली. पण उलट भाषांतर जुळलं म्हणजे मराठी चांगलं झालं, असं नाही. शब्दाला शब्द ठेवून केलेलं बोजड मराठी उलट नेताना अगदी तंतोतंत जुळतं! त्यामुळे त्यानंतरची पायरी जास्त महत्त्वाची: पाच-सहा पाहुण्यांना एकेक वाक्य वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच विचारा. दोघे अडखळले की वाक्य बदला.

पाच पदरांचं मराठी साधारण असं वळण घेऊ शकतं. ही नमुन्याची वाक्यं आहेत, मूळ पट्टीचं भाषांतर नव्हे:

ओळख: या घराला कुणी नावं ठेवली तर मला लागतं.
उत्साह: या घराचा विषय निघाला की मला हुरूप येतो.
लक्ष: या घराबद्दल कुठे काही दिसलं की माझं लक्ष लगेच जातं.
तल्लीनता: यजमानांशी गप्पा मारताना मला वेळेचं भान राहत नाही.
संवाद: या घरी राहून गेलेल्या लोकांशी बोलायला मला आवडतं.

यातली क्रियापदं नीट पाहा. ‘मी सांगतो/सांगते’ असं तिरक्या रेषेचं लिखाण २५ वेळा वाचायला लावलं की वाचणारा वैतागतो आणि नुसतं ‘सांगतो’ लिहिलं तर बायकांना ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. ‘मला वाटतं’, ‘मला लागतं’, ‘माझं लक्ष जातं’ अशी वळणं घेतली की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

उत्तराची पट्टी ‘पूर्णतः असहमत ते पूर्णतः सहमत’ अशी सरकारी अर्जासारखी नको. ‘अजिबात पटत नाही, फारसं पटत नाही, अधलंमधलं, पटतं, अगदी पटतं’ ही पाच घरं, म्हणजे पर्याय, बोलण्यातली आहेत. मधल्या घराला ‘सांगता येत नाही’ म्हणू नका. ते मत अधलंमधलं असणं नसून मत नसणं आहे, आणि त्याला ३ गुण दिले की सरासरी खोटी होते. ते हवंच असेल तर पट्टीबाहेर वेगळं सहावं घर ठेवा आणि हिशेबात ते कोरं धरा. सात घरांची पट्टी मोबाइल फॉर्मवर चालते. सामान गाडीत भरता भरता तोंडी उत्तरं देणाऱ्याला सात पर्याय लक्षात राहत नाहीत. मूळ अभ्यासापेक्षा तुमच्या पट्टीची घरं कमी-जास्त असतील तर त्यांच्या सरासरीशी तुमची सरासरी ताडू नका.

नकारार्थी वाक्यं टाळा. ‘मला या घराची आठवण येत नाही’ याला ‘पटत नाही’ म्हणणं म्हणजे दुहेरी नकार, आणि लोक तिथे हमखास चुकतात. विश्लेषणात अशी वाक्यं मग आपला वेगळाच गट करून बसतात. ‘जेवण आणि आदरातिथ्य’ अशी जोडवाक्यंही नकोत; माशाची कढी आवडली पण यजमान फटकळ वाटले, त्याने खूण कुठे करायची?

कुणाला विचारायचं आणि किती जणांना

किमान संख्या दोन बाजूंनी येते. घटक विश्लेषणासाठी (कोणती वाक्यं मिळून एक पदर बनवतात हे पाहण्यासाठी) दर वाक्यामागे ५ ते १० उत्तरं हा रूढ अंदाज: २५ वाक्यांना १२५ ते २५०. शिवाय अर्धवट फॉर्म बाद होतील म्हणून ३०० चं लक्ष्य धरा.

पण ही ३०० माणसं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हे बहुतेक प्रकल्प विसरतात. एकाच घरात राहिलेल्यांचे अनुभव एकमेकांसारखे असतात. समजा २० घरांतून प्रत्येकी १५ उत्तरं घेतली आणि एका घरातल्या उत्तरांमधला साम्यांक (ती एकमेकांसारखी किती आहेत याचं माप) ०.०५ निघाला. सूत्र सोपं आहे: १ + (१५ − १) × ०.०५ = १.७. ३०० ला १.७ ने भागा: तुमच्या ३०० उत्तरांचं वजन सुमारे १७६ स्वतंत्र उत्तरांइतकंच. तीच ३०० उत्तरं ३० घरांतून दहा-दहा घेतली तर आकडा १.४५ होतो आणि वजन २०७ वर जातं. धडपड करायचीच तर एका घरात जास्त फॉर्म भरून घेण्यापेक्षा आणखी घरं मिळवा.

घरं निवडताना फक्त ओळखीची, रस्त्यालगतची नकोत. राज्य शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरं, नकाशावर दिसणारी घरं आणि गावातल्या लोकांनी सांगितलेली घरं अशी एकत्र यादी करा आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून निवडा.

दिवसही निवडावे लागतात. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवणातल्या खोल्या भरतात, पण तो भाविक भराडीदेवीला आलेला असतो. त्याचं घराशी गुंतलेपण मोजून हाती काही लागत नाही. जत्रेची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे कामाचं वेळापत्रक आखण्याआधी ती विचारून घ्या. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, स्कूबा आणि इतर जलक्रीडा बंद असतात, पाहुणाही वेगळा असतो. नाताळच्या सुट्टीत यजमानाला बोलायलाही फुरसत नसते. नोव्हेंबर, जानेवारी आणि मे, तिन्हींमधले शनिवार-रविवार आणि मधले वार, असं वाटून घेतलं तर चित्र बरंच खरं येतं.

कुटुंबातून एकालाच विचारा. बुकिंग ज्याने केलं त्यालाच दर वेळी विचारलं तर नमुन्यात पुरुषच जास्त येतात. म्हणून ‘१८ वर्षांवरच्यांपैकी ज्यांचा वाढदिवस सर्वांत जवळ आहे त्यांनी भरा’ हा साधा नियम वापरा.

कधी विचारायचं

निघतानाच्या फॉर्मवर सगळंच गोड येतं. यजमानीणबाई हातात सोलकढीची बाटली घेऊन दारात उभ्या असताना ‘अजिबात पटत नाही’वर कोण खूण करणार? फॉर्म यजमानाच्या हाती देऊ नका, त्यांच्यासमोर भरून घेऊ नका, आणि पाकीट बंद करून तुमच्याच पेटीत टाकायला सांगा. पाहुण्यांना क्यूआर कोड देऊन मालवण सोडल्यावर, गाडीत किंवा कुडाळ स्टेशनवर थांबलेले असताना भरायला सांगणं हाही चांगला उपाय. मात्र भरणाऱ्यांचं प्रमाण घटतं.

खरं गुंतलेपण दिसतं ते नंतर. म्हणून दुसरी फेरी हवीच: सहा आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच प्रश्न. या घराबद्दल कुणाला सांगितलंत का, किती जणांना, यजमानांशी काही बोलणं झालं का, परीक्षण लिहिलंत का, पुन्हा जायचा बेत आहे का. ‘सांगाल का’ नव्हे, ‘सांगितलंत का’. पहिल्या फेरीतली मनःस्थिती आणि दुसऱ्या फेरीतली कृती, असं वेगवेगळ्या वेळी घेतल्याने एकाच बैठकीत एकाच मूडमध्ये भरलेल्या उत्तरांचा फुगवटाही टळतो. दुसऱ्या फेरीला उत्तर देणारे बहुधा मुळातच जास्त गुंतलेले असतात. म्हणून उत्तर दिलेल्यांची आणि न दिलेल्यांची पहिल्या फेरीतली सरासरी शेजारी शेजारी मांडा आणि फरक असेल तर अहवालात स्पष्ट लिहा.

फोन नंबर घेताना लेखी संमती घ्या: कशासाठी, किती दिवस, कोण पाहणार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हे सगळं गंभीरपणे घेतो, आपणही घ्यावं. नंबरांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवा, दोन्हींना जोडणारा फक्त एक क्रमांक.

यजमानाची वही

प्रश्नावलीपेक्षाही मोलाचं साधन म्हणजे एक दोनशेपानी वही. २०१० मध्ये व्ही. कुमार आणि सहकाऱ्यांनी ग्राहकाचं मोल चार वाटांनी येतं असं मांडलं: तो स्वतः खरेदी करतो, नवे ग्राहक आणतो, इतरांच्या मतावर प्रभाव टाकतो आणि धंद्याला ज्ञान देतो. वहीत हेच चार रकाने आखून द्या आणि त्यांना घरगुती नावं द्या: ‘पुन्हा आले’, ‘कुणी पाठवलं’, ‘कुठे लिहिलं-दाखवलं’, ‘काय सुचवलं’.

‘कुणी पाठवलं’ हे बुकिंगच्या फोनवरच विचारायचं. मुक्कामात विचारलं तर ‘नेटवर बघितलं’ एवढंच उत्तर येतं, कारण तोवर मित्राने पाठवलेली लिंक विस्मरणात गेलेली असते. ‘काय सुचवलं’ हा रकाना यजमान कोरा सोडतात, कारण सूचना त्यांना तक्रार वाटते. त्यांना उदाहरणं द्या: नकाशावरची खूण चुकीच्या पाणंदीत दाखवते हे पाहुण्याने कळवलं आणि स्वतःच दुरुस्त केलं, आजीला चढता येत नाही म्हणून पायरीला कठडा लावायला सांगितलं, निघण्याआधी फोन करून ‘या वेळी मोरी मासा मिळेल का’ विचारलं. या तिन्ही नोंदी सोन्यासारख्या आहेत. तिसऱ्या माणसाच्या मनात तर मुक्काम आधीच सुरू झालेला आहे.

परीक्षणांच्या बदल्यात सवलत द्यायला यजमानांना सांगू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि मिळालेली परीक्षणं तुमच्या अभ्यासाच्या कामाची राहत नाहीत. परीक्षणं वर्गवारीसाठी घेत असाल तर दोघांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात आणि दोघांमधलं एकमत ‘कोहेनचा काप्पा’ या गुणांकाने तपासावं. ०.७० च्या खाली असेल तर वर्गांच्या व्याख्या ढिल्या आहेत, माणसं नव्हेत. व्याख्या दुरुस्त करून पुन्हा बसा.

आकड्यांशी बसताना

आधी साफसफाई. पंचवीसच्या पंचवीस वाक्यांना एकाच रकान्यात खूण, तीन मिनिटांत संपवलेला फॉर्म, पाचाहून जास्त कोरी उत्तरं: हे बाद, आणि किती बाद केले ते लिहायचं. जामोवी, जास्प किंवा आर मधलं लावान ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर, तिन्ही फुकट आहेत आणि या कामाला पुरतात.

क्रोनबाखचा अल्फा (वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.७० च्या वर आला की लोक थांबतात. २५ वाक्यांचा एकत्रित अल्फा नुसत्या संख्येमुळेही फुगतो, म्हणून तो पदरनिहाय काढा, ०.९५ च्या वर गेला तर तेच वाक्य फिरवून फिरवून विचारलंय असं समजा. त्यानंतर पुष्टीदर्शक घटक विश्लेषण, म्हणजे ठरवलेले पाच पदर आकड्यांत खरंच दिसतात का याची तपासणी. प्रत्येक पदराचं सरासरी प्रसरण (इंग्रजीत एव्हीई, पदर आपल्या वाक्यांतला किती फरक पकडतो ते) ०.५० च्या वर हवं. ते हाताने करून पाहिलं की कळतं: चार वाक्यांचे भार (वाक्याचं आपल्या पदराशी असलेलं नातं) ०.८०, ०.७५, ०.७० आणि ०.६० असतील तर भारांच्या वर्गांची बेरीज २.०५, भागिले ४, म्हणजे ०.५१, पास. शेवटचं वाक्य ०.५० वर घसरलं की ०.४९, नापास. एक कमकुवत वाक्य अख्खा पदर पाडू शकतं. ते काढण्याआधी, भाषांतर करताना पाच-सहा पाहुण्यांना वाक्यं वाचून दाखवली त्या टिपणांत पाहा. बहुधा भाषांतराचा दोष तिथे आधीच नोंदलेला सापडतो.

पदर एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे एचटीएमटी गुणोत्तराने (दोन पदरांची वाक्यं आपापसांत किती मिसळतात याचं माप) तपासा; मर्यादा ०.८५, जवळच्या कल्पनांसाठी ०.९०. मराठी भाषांतरात ‘उत्साह’ आणि ‘ओळख’ एकमेकांत मिसळण्याचा धोका मोठा आहे, कारण ‘आपलं वाटतं’ हा शब्दप्रयोग दोन्हीकडे शिरतो. मिसळले तर ते लपवू नका.

शेवटी गुंतलेपण आणि नंतरची कृती यांचं नातं शोधताना आधीच्या भेटींची संख्या हिशेबात धरा. चौथ्यांदा आलेला पाहुणा गुंतलेला आहे म्हणून आला की येऊन येऊन गुंतला, हे एका फेरीच्या आकड्यांतून सांगता येत नाही. पहिल्यांदा आलेल्यांचं विश्लेषण वेगळं करा; तिथे चित्र सर्वांत स्वच्छ दिसतं. रागावलेला पाहुणाही विसरू नका. तीन परिच्छेदांचं चिडकं परीक्षण लिहिणारा कमी गुंतलेला नसतो, उलट्या दिशेने गुंतलेला असतो. त्याला ‘शून्य’ गुण देऊन संपवू नका, वेगळा गट करा.

आकडे आल्यावर जास्त गुण, कमी गुण आणि रागावलेले अशा तिन्ही टोकांच्या मिळून १२ ते १५ पाहुण्यांशी फोनवर सविस्तर बोला. ‘का आवडलं’ असं विचारू नका. ‘शेवटचं कुणाला या घराबद्दल सांगितलंत, विषय कसा निघाला?’ असं विचारा. उत्तरात प्रसंग येतो, आणि प्रसंगात कारण असतं.

ज्या घरांनी दारं उघडली त्यांना प्रबंधाची प्रत देऊन चालत नाही. ती कुणी वाचत नाही. प्रत्येक घरासाठी मराठीत एकच पान करा: त्यांच्या पाहुण्यांचे पाच पदरांवरचे आकडे, सगळ्या घरांची सरासरी आणि वहीतून निघालेल्या तीन गोष्टी. ज्या घराची उत्तरं दहापेक्षा कमी आहेत तिथे सरासरी छापू नका. नुसत्या टिपणी द्या आणि नावं काढून टाका, कारण तीन कुटुंबं राहून गेली असतील तर कोण काय म्हणालं हे यजमानांना शब्दावरूनच ओळखू येतं. पान हातात देताना त्यांच्या ओटीवर अर्धा तास बसा आणि सगळ्यात कमी आलेल्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करा.